परिपूर्णतेचा आग्रह मोजता येतो का? (प्रश्नावलीत १२८ गुण आले, आता पुढे काय?)

अक्षरवेल
नमस्कार. मी गेली सोळा वर्षे मुंबईत मुद्रितशोधनाचे काम करते. मागच्या महिन्यात आमच्या कार्यालयात मनःस्वास्थ्यावर एक सत्र झाले आणि शेवटी ३५ विधानांची प्रश्नावली सगळ्यांकडून भरून घेण्यात आली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत पटते ते १ ते ५ या आकड्यांत सांगायचे होते. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलावर घडी घातलेली चिठ्ठी आली. माझ्या चिठ्ठीत एवढेच लिहिले होते : ‘१२८. परफेक्शनिझम जास्त. अपेक्षा कमी करा.’

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. हा आकडा नेमके काय मोजतो, हे मला कोणी सांगितले नाही. शिवाय ज्या कामात चूक सापडलीच पाहिजे, त्या कामात अपेक्षा कमी करायच्या म्हणजे काय करायचे? दुसरीकडे, चिठ्ठी पूर्णपणे खोटी आहे असेही मला म्हणवत नाही. २०१९ साली मी तपासलेल्या एका चारशे पानी पुस्तकात, आतल्या शीर्षकपानावर लेखिकेच्या नावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व छापली गेली. बाईंनी स्वतः फोन करून ‘अहो, असू द्या, पुढच्या आवृत्तीत करू’ असे सांगितले. माझी प्रत मात्र मी आजवर उघडलेली नाही. बोरिवलीहून सकाळची गाडी पकडली की दादर येईपर्यंत कितीदा तरी ती वेलांटी डोळ्यांसमोर येते.

याला आजार म्हणायचे की सवय? आणि असे आकडे खरेच काही सांगतात का?

कोकणकडा
ताई, आपल्याकडे याला काटेकोरपणा म्हणतात आणि तो गुण आहे. माझी आजी उकडीच्या मोदकाची एक कळी जरी फाटली तरी मोदक मोडून पुन्हा वळत असे, आणि ती नव्वद वर्षे समाधानाने जगली. प्रत्येक चांगल्या सवयीला मानसशास्त्रातले नाव देण्याची घाई कशाला? चिठ्ठी फाडून टाका.

शेवटची_लोकल
कोकणकडा यांच्याशी असहमत. आजी मोदक पुन्हा वळत होती, पण फाटलेल्या कळीचा विचार करत पहाटेपर्यंत जागी राहत नव्हती. ताईंनी लिहिलेली वेलांटी कित्येक वर्षे सोबत प्रवास करते आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मला वाटत नाही.

समुपदेशिका
मी ठाण्यात आणि दादरला समुपदेशन करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

तुमच्या वर्णनावरून ही मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेली, परिपूर्णतेचा आग्रह मोजणारी बहुआयामी मापनी असावी. तिच्यात ३५ विधाने आणि सहा भाग आहेत : चुकांविषयीची धास्ती (९ विधाने), स्वतःसाठी ठेवलेले उच्च निकष (७), आईवडिलांच्या अपेक्षा (५), आईवडिलांची टीका (४), आपण केले ते बरोबर झाले की नाही याविषयीची शंका (४) आणि नीटनेटकेपणा (६). आता महत्त्वाची गोष्ट. नीटनेटकेपणाची सहा विधाने एकूण बेरजेत धरायची नसतात, कारण इतर भागांशी त्यांचे नाते सैल असल्याचे मापनी तयार करणाऱ्यांनाच आढळले होते. म्हणजे बेरीज २९ विधानांची, २९ ते १४५ या पट्ट्यातली. तुमच्या चिठ्ठीतला आकडा ३५ विधानांचा असेल, तर टेबलावरच्या पेन्सिली सरळ ठेवल्याचे गुणही त्याने ‘त्रासा’च्या खात्यात जमा केले आहेत.

थोडा इतिहास सांगते. मानसशास्त्रज्ञ डॉन हॅमाचेक यांनी १९७८ साली परिपूर्णतेच्या आग्रहाचे ‘सामान्य’ आणि ‘न्यूरोटिक’ (म्हणजे त्रासदायक) असे दोन प्रकार मांडले. डेव्हिड बर्न्स यांनी १९८० साली दहा विधानांची छोटी मापनी दिली. तिच्यात सगळा आग्रह एकाच आकड्यात येत होता. पुढे १९९१ साली कॅनडातील पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी ४५ विधानांची मापनी केली आणि वेगळाच प्रश्न विचारला : हा आग्रह कोणाकडून कोणाकडे जातो? मी माझ्याकडून धरते, मी इतरांकडून धरते, की लोक माझ्याकडून धरतात असे मला वाटते? या तिसऱ्या प्रकाराचे नैराश्य आणि चिंतेशी असलेले नाते अनेक अभ्यासांत ठळकपणे दिसते. २००१ साली रॉबर्ट स्लेनी आणि सहकाऱ्यांनी सुधारलेल्या २३ विधानांच्या मापनीत ‘तफावत’ असा स्वतंत्र भाग आहे. आपण ठरवलेले आणि आपल्या मते आपल्या हातून झालेले, यांत किती अंतर आहे, ते तो विचारतो.

म्हणून विनंती अशी, की १२८ हा आकडा बाजूला ठेवा आणि प्रश्नावलीची प्रत मिळाली तर सहा भागांची बेरीज वेगवेगळी करून पाहा.

मापाडी
मी विक्रोळीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे तपासणी विभागात होतो. आयुष्य मायक्रोमीटर आणि गेज ही बारीक मापे तपासणारी उपकरणे हाताळण्यात गेले, त्यामुळे मोजण्याच्या प्रश्नावर मला दोन शब्द लिहावेसे वाटतात.

पहिली गोष्ट उपकरणाची. आमच्याकडे मायक्रोमीटर थेट कामावर नेत नसत. आधी तो स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या मापाच्या ठोकळ्यांवर, ताडून पाहायचा, आणि तेही २० अंश सेल्सिअसला, कारण लांबीच्या मोजमापासाठी जगभर तेच प्रमाण तापमान धरतात. मे महिन्यात शेडमधून आणलेला गरम दांडा तसाच मोजला तर आकडा चुकीचा येतो, आणि त्यात दांड्याचा दोष नसतो. अमेरिकेत बनवलेली ही प्रश्नावली मराठी माणसावर कोणी ताडून पाहिली आहे का?

दुसरी गोष्ट टॉलरन्सची. पंचवीस मिलिमीटरच्या शाफ्टच्या ड्रॉइंगवर फक्त २५ असे कधी लिहीत नाहीत. अधिक-उणे किती चालेल तेही लिहितात. ते लिहिले नसेल तर तपासणारा ड्रॉइंग परत पाठवतो, कारण तसा शाफ्ट जगातले कोणतेही लेथ बनवू शकत नाही. कमाल मापाच्या ‘गो’ गेजमधून शाफ्ट गेला आणि किमान मापाच्या ‘नो-गो’ गेजमध्ये अडला, की माल पास. अक्षरवेल ताई, तुमचे २५ मिलिमीटर अगदी योग्य आहेत. तुमच्या ड्रॉइंगवर अधिक-उणे लिहायचे राहून गेले आहे, एवढेच मला दिसते. ‘अपेक्षा कमी करा’ असे सांगणाऱ्याने २५ चे २३ करायला सांगितले, आणि तो सल्ला साफ चुकीचा आहे.

शब्दप्रेमी
मापाडी काका, प्रतिसाद फार आवडला. यावरून आठवले. आपल्या जुन्या हिशेबांच्या आणि पत्रांच्या शेवटी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहीत. चूकभूल द्यावी घ्यावी. माझे आजोबा गिरगावातल्या एका पेढीवर दिवाणजी होते. पै-पैचा ताळा लागेपर्यंत ते घरी येत नसत, आणि ताळा लागल्यावरही खाली ही चार अक्षरे लिहीत. हिशेब चोख ठेवणारा माणूसच ती लिहीत असे. टॉलरन्सला यापेक्षा चांगला मराठी शब्द मला सुचत नाही.

परफेक्शनिझमसाठीच्या मराठी शब्दाचाही विचार व्हावा. ‘परिपूर्णतावाद’ हा शब्द एखाद्या तत्त्वज्ञानाच्या शाखेसारखा वाटतो. चोखंदळ, काटेकोर, टापटिपीचा हे सगळे कौतुकाचे शब्द आहेत. प्रश्नावलीच्या भाषांतरात त्यांतला कुठला शब्द वापरला, त्यावर माणूस २ वर खूण करेल की ५ वर, हे ठरेल.

समुपदेशिका
शब्दप्रेमी यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. म्हणूनच चांगल्या अभ्यासात भाषांतर एका व्यक्तीने करायचे, मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दुसऱ्या व्यक्तीने ते उलट इंग्रजीत न्यायचे आणि मग दोन्ही ताडून पाहायचे, अशी पद्धत आहे. त्यानंतरही काम उरते. एका भागातली विधाने एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाख यांनी १९५१ साली मांडलेल्या अल्फा या गुणकाने पाहतात. पण अल्फा चांगला आला म्हणजे आपल्याला हवे तेच मोजले गेले असे होत नाही. विधाने एकमेकांशी जुळूनही भलतेच काही मोजत असू शकतात.

मापाडी काकांच्या तापमानाच्या उदाहरणाला मी घरातले एक उदाहरण जोडते. आईवडिलांच्या अपेक्षांविषयीच्या विधानांना आपल्याकडे पुष्कळ जण सहज ५ देतात, आणि विचारले तर म्हणतात, ‘अपेक्षा होत्याच, त्यांनी चाळीतल्या एका खोलीत राहून आम्हाला शिकवले.’ त्या ५ मध्ये कृतज्ञता आहे. दुसऱ्या कोणाच्या ५ मध्ये भीती असते. कागदावर दोघांचा आकडा सारखाच दिसतो, म्हणून मी कोणतीही प्रश्नावली भरून झाल्यावर पाच-सहा विधानांवर माणसाला बोलते केल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाही.

निळी_शाई
मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या वर्गात सरावासाठी हीच मापनी भरून घेतली होती, म्हणून माझे आकडे देते. चुकांविषयीची धास्ती ४१, शंका १८, उच्च निकष १५, आईवडिलांच्या अपेक्षा १०, टीका ८, नीटनेटकेपणा १२. एकूण १०४, आणि नीटनेटकेपणा वगळला तर ९२. वर्गाच्या यादीत मी मधोमध होते, त्यामुळे माझ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

पण चुकांच्या धास्तीच्या भागात कमाल गुण ४५ आहेत आणि शंकेच्या भागात २०. त्या वर्षी मी प्रबंधाचा आराखडा चार महिने मार्गदर्शकांना दाखवला नव्हता. फाइल उघडायची, पहिल्या परिच्छेदातला एक शब्द बदलायचा, तोच पुन्हा होता तसा करायचा आणि फाइल बंद करायची. खोलीतल्या मैत्रिणी मला आळशी समजत होत्या, कारण माझे टेबल अस्ताव्यस्त असते आणि मी मोठी ध्येयेही बोलून दाखवत नाही. परिपूर्णतेचा आग्रह असणारा माणूस अशा रूपातही असू शकतो, हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हते.

अक्षरवेल ताई, तुमचे १२८ माझ्या १०४ पेक्षा जास्त आहेत, पण तुमच्यापेक्षा मला जास्त त्रास होत असणे शक्य आहे, आणि उलटही. बेरजेवरून ते ठरवता येत नाही.

कोकणकडा
निळी शाई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझे पहिले वाक्य थोडे मागे घेतो. काटेकोरपणा हा गुण आहे, हे मात्र मी सोडत नाही. समुपदेशिका ताई, मग चांगला आग्रह आणि वाईट आग्रह असे दोन प्रकार आहेत, एवढे तरी मान्य कराल ना?

समुपदेशिका
यावर अभ्यासकांतच एकमत नाही. योआखिम श्टोबर आणि काथलीन ओटो यांनी २००६ साली आधीच्या संशोधनाचा आढावा घेऊन ‘प्रयत्न’ आणि ‘धास्ती’ असे दोन प्रवाह मांडले. धास्ती फारशी नसेल तर प्रयत्नांचा प्रवाह माणसाला उपकारक ठरू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. ह्युइट आणि फ्लेट यांना मात्र परिपूर्णतेचा आग्रह ‘आरोग्यदायी’ असू शकतो हेच मान्य नाही. उत्तम काम करण्याची इच्छा आणि निर्दोष असण्याची गरज या त्यांच्या मते वेगळ्या गोष्टी आहेत. २०१७ साली करिना लिंबर्ग आणि सहकाऱ्यांनी २८४ अभ्यास एकत्र करून तपासले. धास्तीच्या प्रवाहाचे मानसिक विकारांशी नाते अधिक बळकट निघाले, पण प्रयत्नांचा प्रवाहही पूर्ण निर्दोष ठरला नाही. खाण्याच्या विकारांत तर दोन्ही प्रवाह दिसतात.

तुमच्या आजींविषयी एवढेच म्हणेन, की त्यांचा मोदक फाटला तेव्हा फाटला तो मोदकच. ज्यांना मदत लागते त्यांच्या बाबतीत मोदकाबरोबर माणूसही फाटतो. रॉझ शफ्रान, झफ्रा कूपर आणि क्रिस्तोफर फेअरबर्न यांनी २००२ साली हाच मुद्दा मध्यवर्ती धरला : नुकसान होत असूनही निकष सोडवत नाहीत, आणि स्वतःची किंमत त्या निकषांवरच टांगलेली असते.

सायलीचे_बाबा
मी एरवी फक्त वाचतो, आज लिहितो आहे. मुलगी दहावीला आहे. गेल्या आठवड्यात भूमितीचा सराव करताना तिने एकच आकृती इतक्या वेळा खोडली की कागदाला भोक पडले. मग तिने ते पान फाडले, आणि पान फाडल्यामुळे वही खराब झाली म्हणून आधीची सगळी उत्तरे नव्या वहीत उतरवायला बसली. रात्रीचे दीड वाजले होते. मी तिच्या टेबलाखालचे खोडरबराचे कण वेचत होतो आणि मला आठवले, की सहामाहीत तिला ९७ मिळाले तेव्हा मी हसत हसत विचारले होते, ‘तीन कुठे सांडले?’

मी ते कौतुकानेच विचारले होते. माझ्या वडिलांनीही मला असेच विचारले होते. पण ह्युइट-फ्लेट यांच्या तिसऱ्या प्रकाराविषयी, म्हणजे लोक माझ्याकडून निर्दोषपणाची अपेक्षा धरतात या भावनेविषयी वाचले, तेव्हा मला तिच्या कानांनी तो प्रश्न ऐकू आला. समुपदेशिका ताई, मुलांमध्ये हे वाढते आहे का?

आकडेमोड
याचे उत्तर मी देतो, संख्याशास्त्र शिकवतो म्हणून. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांचा २०१९ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. १९८९ ते २०१६ या काळातल्या अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ह्युइट-फ्लेट मापनीवरची उत्तरे त्यांनी तपासली. स्वतःकडून धरलेला आग्रह सुमारे १० टक्क्यांनी, इतरांकडून धरलेला १६ टक्क्यांनी आणि समाजाने लादलेला वाटणारा ३३ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले.

हे तीन देशांतल्या विद्यार्थ्यांविषयी आहे, मुंबईतल्या दहावीच्या मुलांविषयी नाही. शिवाय सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे वर्गात मी दरवर्षी सांगतो तसे इथेही सांगितले पाहिजे. धास्तीमुळे नैराश्य येते, की नैराश्यात असलेल्या माणसाला प्रत्येक चूक मोठी दिसते? एकाच दिवशी दोन्ही प्रश्नावल्या भरून घेतल्या तर हे कळणार नाही. त्याच माणसांना काही महिन्यांनी पुन्हा विचारावे लागते. तसे अभ्यास झाले आहेत, आणि सुरुवातीचे नैराश्य हिशेबात धरूनही चुकांच्या धास्तीचा पुढच्या नैराश्याशी दुवा उरतो. तो दुवा लहान आहे, पण आहे.

आणखी एक. आग्रहाची मापनी त्रास मोजत नाही. त्रासासाठी वेगळे माप लागते. केसलर यांची दहा प्रश्नांची मापनी मागच्या चार आठवड्यांतल्या अस्वस्थतेविषयी विचारते आणि तिचे गुण १० ते ५० असतात. अक्षरवेल यांच्या कार्यालयाने एकाच मापात दोन्ही मोजल्यासारखे दाखवले. वजनकाट्यावर उभे करून ताप सांगितल्यासारखे आहे हे.

समुपदेशिका
सायलीच्या बाबांसाठी : प्रश्न विचारलात ते झाले, आता तिच्याशी बोला. ‘तीन कुठे सांडले असे मी विचारले होते, ते तुला कसे वाटले?’ एवढे विचारा आणि मग गप्प बसा, समजावू नका. उतरवून काढण्याचे प्रकार वाढले, झोप मोडू लागली, शाळेत जाणे टाळू लागली किंवा जगण्याविषयी निराश बोलली, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर केव्हाही आणि मोफत बोलता येते, मराठीतही.

सायलीचे_बाबा
आभारी आहे. रविवारी तिला दादर चौपाटीला घेऊन जातो. घरात आजी असते, तिथे ती बोलणार नाही.

शेवटची_लोकल
धागा फार चांगला चालला आहे. धागाकर्त्या कुठे आहेत?

अक्षरवेल
इथेच आहे. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. कार्यालयातून माझी भरलेली प्रश्नावली मागून घेतली आणि काल रात्री सहा भाग वेगळे केले : नीटनेटकेपणा २९, उच्च निकष ३०, चुकांविषयीची धास्ती ३१, शंका १३, आईवडिलांच्या अपेक्षा १४, टीका ११. बेरीज १२८च. म्हणजे नीटनेटकेपणा त्यात धरलाच होता. तो काढला तर ९९ उरतात.

नीटनेटकेपणात ३० पैकी २९ आणि निकषांत ३५ पैकी ३०, हे माझ्या कामाचे आकडे आहेत आणि त्यांची मला लाज वाटत नाही. धास्तीच्या भागात मात्र मी एकेका विधानाचे उत्तर पुन्हा पाहिले. नऊपैकी बहुतेक विधानांना ३ किंवा त्याहून कमी दिले आहे आणि चारच विधानांना ५. ती चारही एकाच जातीची आहेत : चूक झाली की लोकांच्या मनातून मी उतरेन. निळी शाई, तुमचे ४१ वाचून मला तुमच्याशी बोलावेसे वाटते, तुम्हाला चालणार असेल तर निरोप पाठवा.

समुपदेशिका ताई, या चार विधानांवर काम करायचे झाले तर कुठून सुरुवात करतात?

समुपदेशिका
भाकीत लिहिण्यापासून. मनात जी भीती आहे ती कागदावर नेमक्या शब्दांत मांडायची, मग एक छोटी, निरुपद्रवी चूक मुद्दाम राहू द्यायची आणि काय घडते ते लिहायचे. छापील मजकुरात नको. मैत्रिणीला पाठवलेल्या निरोपात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकू द्या. तुमच्या बाबतीत तर एक प्रयोग न ठरवता होऊन गेला आहे. २०१९ साली तुमचे भाकीत काय होते, आणि त्या बाईंनी फोनवर काय म्हटले, हे दोन रकान्यांत लिहून पाहा. झोपेवर किंवा कामावर परिणाम होत असेल तर प्रत्यक्ष कोणाला तरी भेटा, कारण धाग्यावरचा सल्ला तिथपर्यंत पुरत नाही.

अक्षरवेल
लिहिले. डाव्या रकान्यात : ‘बाई पुन्हा कधी माझ्याकडे काम देणार नाहीत.’ उजव्या रकान्यात लिहायला गेले तेव्हा आठवले, की त्यानंतर त्यांची दोन पुस्तके मीच तपासली आहेत. हे मला माहीत होते, पण त्या वेलांटीशेजारी मी ते कधी ठेवले नव्हते.

ते पुस्तक कपाटातून काढले. शीर्षकपान उघडून पेन्सिलीने वेलांटी दुरुस्त केली, समासात खूण केली, आणि शब्दप्रेमींच्या आजोबांची चार अक्षरे खाली लिहिली. पुढच्या बुधवारी दादरला एका समुपदेशकांची वेळ घेतली आहे.

मापाडी
पास.